कडक बी

जालन्यात बियाण्याच्या कंपनीत एकतीस वर्षं
मी उगवण मोजली.
ओल्या कागदाच्या गुंडाळ्या, एकीत शंभर दाणे,
अशा चार. मुगाची शेवटची मोजणी आठव्या दिवशी.
चिमट्यानं एकेक उचलायचा, रकान्यात लिहायचा:
सामान्य. विकृत. मेलेले.
आणि एक रकाना कडक बियांचा,
आठ दिवस ओलीत राहून ज्या कोरड्याच निघतात.
नवीन पोरी त्या मेलेल्यांत टाकायच्या.
मी ओरडायचे, अगं, दाबून तर बघ आधी.
मेलेला दाणा बोटाखाली पिचतो.
हा पिचत नाही.

हे मला माहीत होतं. पगार घेतला मी याचा.

प्रयाग तेव्हा प्रतवारीच्या मशीनवर होती,
नाकातोंडाला रुमाल, भुवयांवर भुसा.
एकतीस वर्षांत चार वाक्यं बोलले असेन तिच्याशी.
आता सकाळी मोती तलावावर भेटते.
गेल्या मार्गशीर्षात माझ्या चपलेचा अंगठा तुटला.
ती खाली बसली, बांगडीतली पिन काढली.
"मव्ह्या मांडीवर ठेवा पाय. हालू नका मॅडम, टोचंल."
मी हलले नाही.

घरी येऊन कणीक भिजवली, पाणी जास्त झालं.
मग पीठ टाकलं. मग परत पाणी.
सहा जणांची कणीक झाली.
दोघंच असतो आम्ही घरात.

भाचीला फोन केला. तेजल पुण्यात शिकवते.
दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं.
ती म्हणाली, मावशी, शब्द आहेत याला,
आणि पाच-सहा पाठवले, एकाखाली एक.
चष्मा लावून वाचले.
बाथरूममध्ये नळ सोडून एक मोठ्यानं म्हणून पाहिला:
समलैंगिक.
तहसीलमधल्या दाखल्यासारखा वाटला.
उभयलैंगिक त्यातल्या त्यात ओळखीचा,
सातवीच्या व्याकरणातला,
उभयान्वयी अव्ययाच्या शेजारी बसणारा.
आणि. व. शिवाय.

पाकिटावर आम्ही वाण लिहायचो, लॉट नंबर,
चाचणीची तारीख, आणि वैधता: नऊ महिने.
पुढं माल उरला तर परत कागद ओले करायचे.
परत मोजायचं. नवं लेबल.
जुनं खरडून काढताना कुणाला वाईट वाटलेलं
मला आठवत नाही.

मग उद्धवराव काय होते?
हे तेजलनं नाही विचारलं. मीच विचारलं,
रात्री, त्यांच्या घोरण्याकडं तोंड करून.
चौतीस वर्षं. दोन पोरं.
त्यांच्या टायफॉइडमध्ये अकरा रात्री मी उशाशी,
कपाळावरची घडी सुकू दिली नाही.
ते खोटं होतं म्हणणाऱ्याशी मी भांडेन.

आणि परतूरला, सातवीत,
कुसुम देवढेच्या वडलांची बदली झाली
तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते.
आई म्हणाली, जंत झालेत.
जंताचं औषध दिलं. मी घेतलं.
तेही खोटं नव्हतं.

कडक बी उगवायची तर काचकागदावर घासावी लागते.
जराशीच. टरफलाला ओरखडा जाईल इतकी.
जास्त झालं तर आतलं दल फुटतं.
किती, ते मी कुणाला शिकवू शकले नाही.
माझा हात बघा, एवढंच सांगायचे.

आज नळाला पाणी आलं, आठव्या दिवशी.
उद्धवराव जिन्यातून ओरडले, मोटार लाव.
लावली. टाकी भरली, हंडे भरले,
कुकरची भांडीसुद्धा भरून ठेवली.
त्यांना काही सांगितलेलं नाही.
प्रयागलाही नाही. तिनं काही विचारलेलंही नाही,
फक्त काल वळणावर थांबली होती,
मी मागं पडले म्हणून.

पोरानं नवीन चप्पल पाठवली आहे, खोक्यात आहे.
मी जुनीच घालते.
पिन तशीच आहे अंगठ्यात.
चालताना टोचते, थोडी.